रात्रीचा ताप, कोपऱ्यावरचं दुकान आणि अर्धवट राहिलेला डोस

पावसाळ्याच्या दिवसांत वर्गात हजेरी घेताना एक उत्तर हमखास ऐकायला मिळतं : "त्याला ताप आलाय." दोन-तीन दिवसांनी ते मूल शाळेत येतं, चेहरा उतरलेला, डोळे खोल गेलेले. डॉक्टरांकडे नेलं होतं का, असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "नाही, अब्बांनी मेडिकलवरून गोळ्या आणल्या होत्या. दोन घेतल्या, ताप उतरला." आणि बाकीच्या गोळ्या? त्या घरात ठेवून दिल्या, पुढच्या वेळी धाकट्याला उपयोगी पडतील म्हणून.

आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. पण हे उत्तर वर्षानुवर्षं ऐकून आम्हाला एक प्रश्न सतावू लागला. आई-वडील दुकानातून औषध आणतात, हा त्यांचा अडाणीपणा आहे का? की त्यामागे काही कारणं आहेत, जी आपण शिकलेली माणसं समजून घेत नाही? या प्रश्नाचं चांगलं उत्तर आम्हाला सापडलं ते आपल्यापासून दूर, पण फार परक्या नसलेल्या एका ठिकाणी : पूर्व आफ्रिकेतल्या केनिया देशाच्या किनाऱ्यावर. तिथे लहान मुलांच्या मलेरियावर आणि गावातल्या औषध विकणाऱ्या साध्या दुकानदारांवर जे काम झालं, त्यातून आपल्या घरांसाठीही बरंच शिकण्यासारखं आहे.

किलिफी : समुद्राच्या पलीकडचा शेजार

केनियातलं मोम्बासा हे जुनं बंदर. कोकणातल्या काही मुस्लिम कुटुंबांचे पूर्वज तिकडे जाऊन स्थायिक झाले, त्यामुळे हे नाव आपल्याकडे अनेकांच्या कानावर असेल. मोम्बासापासून उत्तरेला साधारण ६० किलोमीटरवर किलिफी आहे. समुद्र, नारळाची झाडं, मक्याची शेतं, मातीची घरं असलेली खेडी. किनाऱ्यावर स्वाहिली भाषा बोलली जाते आणि ती ऐकताना उर्दू किंवा मराठी जाणणाऱ्या माणसाला मधूनच ओळखीचे शब्द भेटतात. दुकानाला तिथे 'दुका' म्हणतात. औषधाला 'दावा', म्हणजे आपली दवाच. तापाला 'होमा' म्हणतात. अरबीतला 'हुम्मा' तो हाच, आपले युनानी हकीमही तापाला हाच शब्द वापरत आले आहेत.

खेड्यातली 'दुका' म्हणजे आपल्या वाडीवस्तीवरचं किराणा दुकानच. मीठ, साखर, रॉकेल, साबण, काडेपेटी आणि त्याच फळीवर एका डब्यात डोकेदुखीच्या, तापाच्या, मलेरियाच्या गोळ्या. दुकानदाराकडे औषधशास्त्राचं शिक्षण नसतं. वडिलांकडून किंवा घाऊक व्यापाऱ्याकडून जे ऐकलं तेवढंच त्याला माहीत असतं. अशा विक्रेत्यांना अनौपचारिक औषध विक्रेते म्हणतात.

आई दुकानातच का जाते?

समजा, संध्याकाळी पाच वर्षांच्या मुलाचं अंग तापलं. सरकारी दवाखाना कित्येक किलोमीटर दूर. पायी जायचं तर अंधार पडेल, वाहन करायचं तर पैसे हवेत. सकाळी पोहोचलं तरी लांब रांग. कधी डॉक्टर नसतात, कधी औषध संपलेलं असतं. घरी दुसरी लहान मुलं आहेत, शेतातलं काम आहे, नवरा कामासाठी शहरात आहे.

दुकान मात्र हाकेच्या अंतरावर. रात्री दार वाजवलं तरी उघडतं. दुकानदार ओळखीचा, नावाने हाक मारणारा. पूर्ण पाकीट घ्यायची सक्ती नाही, हातात जेवढे पैसे तेवढ्याच सुट्या गोळ्या देतो. पैसे नसतील तर वहीत लिहून ठेवतो. आणि तो रागावत नाही. दवाखान्यात "इतका उशीर का केलास?" असं ऐकावं लागतं, दुकानात नाही.

आता सांगा, त्या आईचा निर्णय मूर्खपणाचा आहे का? तिच्या परिस्थितीत आपणही हेच केलं असतं. म्हणूनच आफ्रिकेच्या ग्रामीण भागात मुलांच्या तापावरचा पहिला इलाज बहुतेक वेळा दवाखान्यात नव्हे, तर दुकानातून आणलेल्या गोळीने घरीच होत आला आहे. "दुकानात जाऊ नका" एवढं सांगून हा प्रश्न सुटत नाही, कारण दुसरी सोय जवळ नसते.

मुलांच्या मलेरियात एकेक दिवस महत्त्वाचा

मग बिघडतं कुठे? ते कळण्यासाठी मलेरिया शरीरात काय करतो हे थोडक्यात पाहू.

मलेरियाचा परजीवी अ‍ॅनोफेलिस जातीच्या मादी डासाच्या चाव्यातून शरीरात शिरतो. आधी यकृतात वाढतो, मग रक्तातल्या तांबड्या पेशींत घुसतो. आफ्रिकेत जास्त आढळणारा प्लास्मोडियम फॅल्सिपॅरम हा सर्वांत धोकादायक. सुमारे ४८ तासांत तो पेशीत वाढतो, पेशी फोडतो आणि बाहेर पडलेले नवे परजीवी पुढच्या पेशींवर तुटून पडतात. म्हणजे दर दोन दिवसांनी त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढू शकते. या परजीवीने ग्रासलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. मेंदूत असं झालं की मूल बेशुद्ध पडतं, झटके येतात. एकीकडे रक्तही झपाट्याने कमी होत जातं.

मोठ्या माणसाला पुन्हा पुन्हा मलेरिया होऊन थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते. पाच वर्षांखालच्या मुलाकडे ती नसते. सकाळी साधा ताप असलेलं मूल एक-दोन दिवसांत अत्यवस्थ होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात मलेरियाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. यातले सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले आणि तिथल्या मृतांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं.

म्हणून नियम असा की ताप आल्यापासून २४ तासांच्या आत योग्य औषध, योग्य प्रमाणात सुरू व्हायला हवं. या २४ तासांत आई सर्वांत आधी जिथे पोहोचते ते ठिकाण म्हणजे दुकान. तिथे काय मिळतं यावर मुलाचा जीव अवलंबून असतो.

शंभरातल्या चौघांनाच पुरेसं औषध

किलिफीत १९८९ पासून केनियाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचं आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचं संयुक्त संशोधन केंद्र आहे. तिथल्या व्हिकी मार्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या दुकानांचा अभ्यास केला. सुमारे ३,५०० लोकवस्तीच्या भागातली २३ दुकानं त्यांनी निवडली. त्या काळी मलेरियावर क्लोरोक्विन हे नेहमीचं औषध होतं.

आधी त्यांनी फक्त पाहिलं, काय विकलं जातं ते. तापलेल्या मुलासाठी होणाऱ्या विक्रीत मलेरियाचं औषध असण्याचं प्रमाण होतं १०० पैकी सुमारे ३४. बाकीच्यांना नुसती ताप उतरवणारी गोळी. ज्यांनी मलेरियाचं औषध घेतलं, त्यांच्यातही पुरेसं औषध नेणारे १०० पैकी सुमारे ३२. आणि घरी जाऊन मुलाच्या पोटात पुरेसा डोस गेला, असे ताप किती? शंभरात जेमतेम ४.

हे वाचून आम्ही थोडा वेळ थांबलो. आईने धावपळ केली होती, पदरचे पैसे खर्च केले होते, औषध आणलं होतं, मुलाला पाजलंही होतं. तरी शंभरातल्या ९६ वेळा तो इलाज झालाच नव्हता.

याची कारणं साधी होती. दुकानदाराला कोणत्या वयाला किती गोळ्या हे ठाऊक नव्हतं. आईकडे एक-दोन गोळ्यांपुरतेच पैसे होते. पहिल्या दिवशी ताप उतरला की "बरा झाला" असं समजून पुढचे दोन दिवस औषध बंद. ताप उतरवणारी गोळी आणि परजीवी मारणारी गोळी यांतला फरक कुणी समजावून सांगितला नव्हता. ताप उतरणं म्हणजे आजार जाणं नव्हे. घरात आग लागलेली असताना धूर बाहेर काढण्यासारखं ते आहे. धूर गेला म्हणून आग विझत नाही.

दुसरा धोका होता अ‍ॅस्पिरिनचा. तापावर म्हणून दुकानातून अ‍ॅस्पिरिन सर्रास विकलं जाई. किलिफीच्या रुग्णालयात गंभीर मलेरिया म्हणून दाखल झालेल्या काही मुलांच्या रक्तात अ‍ॅस्पिरिनच्या विषबाधेच्या खुणा सापडल्या. आजही लहान मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन देऊ नये असंच डॉक्टर सांगतात.

दुकानदाराला शिकवलं, तेव्हा काय झालं?

इथे दोन मार्ग होते. पोलीस पाठवून दुकानांतली औषधं जप्त करणं किंवा दुकानदाराला शिकवणं. किलिफीत दुसरा मार्ग निवडला. गावातल्या लोकांशी आधी बोलून, त्यांची भाषा आणि समजुती जाणून घेऊन प्रशिक्षण आखलं. मूल किती वर्षांचं आहे हे आधी विचारा, त्या वयाला किती औषध लागतं ते असं ठरवा, आईला ते पूर्ण न्यायला सांगा, किती दिवस द्यायचं ते समजावून सांगा आणि ही लक्षणं दिसली तर औषध विकू नका, दवाखान्यात पाठवा.

बदल मोठा झाला. तापलेल्या मुलासाठीच्या विक्रीत मलेरियाचं औषध असण्याचं प्रमाण १०० पैकी ३४ वरून किमान ७९ वर गेलं. पुरेसं औषध नेणारे ३२ वरून किमान ८३ झाले. आणि पुरेसा डोस मिळालेले ताप शंभरात ४ होते, ते किमान ६५ झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

नवा दवाखाना बांधला नव्हता, नवे डॉक्टर आणले नव्हते. त्याच गावातला तोच दुकानदार, तीच आई, तीच गोळी. फक्त दोघांमध्ये जे बोलणं होत होतं, ते बदललं. शिक्षक म्हणून आम्हाला यातली एक गोष्ट फार भावली. ज्याला आपण 'अडाणी दुकानदार' म्हणून बाजूला सारतो, तो शिकायला तयार होता. त्याला कुणी शिकवायला गेलं नव्हतं एवढंच. आपल्या मुलांचं भलं होतंय हे पाहून दुकानदार आणि गावकरी दोघांनीही या कामाला मनापासून साथ दिली.

पुढे टांझानियातही असाच विचार झाला. २००३ मध्ये रुवुमा भागात छोट्या औषध दुकानदारांना प्रशिक्षण आणि परवाना देण्याची योजना सुरू झाली व नंतर ती देशभर गेली. या दुकानांचं स्वाहिली नाव 'दुका ला दावा मुहिमु', म्हणजे महत्त्वाच्या औषधांचं दुकान. उर्दू जाणणाऱ्याला 'मुहिमु'मध्ये 'अहम' या शब्दाचा भाऊबंद ओळखू येईल.

पण औषधच निकामी झालं

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण ज्या क्लोरोक्विनचा डोस लोक आता नीट देऊ लागले होते, ते औषधच फॅल्सिपॅरमवर चालेनासं झालं होतं. परजीवीने त्याला दाद न देण्याची ताकद कमावली होती. याला औषध-प्रतिरोध म्हणतात. ही अडचण केवळ आफ्रिकेची नव्हती. भारतात क्लोरोक्विनला दाद न देणारा फॅल्सिपॅरम १९७३ मध्येच आसाममध्ये आढळला होता.

प्रतिरोध वाढण्यात अर्धवट डोसचा मोठा हात असतो. पूर्ण डोस दिला तर परजीवी मरतात. अर्धा दिला तर कमजोर मरतात, चिवट उरतात. उरलेले चिवट पुढच्या डासामार्फत शेजारच्या घरात जातात. म्हणजे एका घरात वाचवून ठेवलेल्या दोन गोळ्यांची किंमत दुसऱ्या घरातलं मूल मोजतं.

केनियाने १९९८ मध्ये क्लोरोक्विन बाजूला ठेवून सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन स्वीकारलं. तेही काही वर्षांत कमी पडू लागलं. २००४ मध्ये धोरण पुन्हा बदललं आणि आर्टेमेथर-लुमेफॅन्ट्रिन हे जोड औषध आलं. यातलं आर्टेमेथर ज्या आर्टेमिसिनिनपासून तयार होतं, ते १९७० च्या दशकात चीनमध्ये एका वनस्पतीतून शोधलं गेलं. त्यासाठी तू योयो या शास्त्रज्ञ महिलेला २०१५ चं नोबेल मिळालं. दोन औषधं एकत्र देण्याचं कारण हेच की एकातून वाचलेला परजीवी दुसऱ्याने मरावा.

हे औषध प्रभावी, पण महाग. क्लोरोक्विन काही नाण्यांत मिळे, नवं औषध त्याच्या कित्येक पट किमतीला. मग दुकानात लोक पुन्हा जुनी, स्वस्त, निकामी गोळीच मागू लागले. म्हणून २०१० पासून केनियासह आफ्रिकेतल्या काही देशांत एक आंतरराष्ट्रीय योजना राबवली. कारखान्यातून निघतानाच औषधाच्या किमतीचा मोठा भाग योजनेने भरायचा, म्हणजे खेड्यातल्या दुकानातही ते स्वस्त मिळेल. अशा पाकिटावर हिरव्या पानाची खूण असे. केनियात त्याची किंमत ४० शिलिंग ठरवली होती. वाचता न येणारी आईसुद्धा "हिरव्या पानाचं द्या" असं सांगू शकत होती.

प्रत्येक ताप मलेरिया नसतो

चांगलं औषध स्वस्त झालं तसा एक नवा प्रश्न समोर आला. ताप आला की द्या मलेरियाची गोळी, अशी सवय लागली. पण मुलाला ताप न्यूमोनियाने येतो, टायफॉइडने येतो, कानाच्या संसर्गाने येतो, साध्या विषाणूनेही येतो. न्यूमोनिया झालेल्या मुलाला मलेरियाची गोळी देत बसलो तर हातातला वेळ निघून जातो.

२०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की मलेरियाचा संशय आला तर आधी तपासणी, मग औषध. यासाठी आता झटपट तपासणी किट आहे. बोटाला बारीक टोचून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, पट्टीवर टाकायचा, पंधरा-वीस मिनिटांत रेघ दिसते.

हे किट औषध दुकानदार वापरू शकेल का? युगांडात नोंदणीकृत औषध दुकानांमध्ये हा प्रयोग झाला, २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुकानात आलेल्या जवळजवळ सगळ्यांनी तपासणीला होकार दिला. तपासलेल्यांपैकी १०० मध्ये सुमारे ५८ जणांनाच मलेरिया निघाला. म्हणजे चाळीसहून अधिक लोक नुसत्या अंदाजावर नको ते औषध घेऊन गेले असते. जिथे किट होतं तिथे योग्य उपचार मिळालेले १०० पैकी सुमारे ७३, जिथे अंदाजाने औषध दिलं जात होतं तिथे सुमारे ३४.

मात्र किट निगेटिव्ह आलं म्हणजे मूल ठणठणीत आहे असं नव्हे. ताप आहे म्हणजे कारण आहे आणि ते शोधायला डॉक्टरच लागतात. इथे दुकानदाराची मर्यादा संपते.

झटके, बाहेरची बाधा आणि गमावलेला वेळ

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मुलाला झटके येण्याला 'देगेदेगे' म्हणतात. 'न्देगे' म्हणजे पक्षी. पक्ष्याच्या रूपातली एखादी अदृश्य शक्ती मुलावरून गेली की हे होतं, अशी समजूत. मग मुलाला आधी मांत्रिकाकडे नेलं जाई. काही ठिकाणी अशा मुलाला इंजेक्शन दिलं तर ते मरतं असाही समज होता, म्हणून दवाखाना टाळला जाई. प्रत्यक्षात हे झटके अनेकदा मेंदूपर्यंत पोहोचलेल्या मलेरियाचे असतात आणि तिथे एकेक तास मोलाचा असतो.

आपण हसू नये. आपल्याकडेही मुलाला आकडी आली की "नजर लागली", "बाहेरचं आहे" असं म्हणणारं कुणीतरी घरात असतंच. दुआ करावी, वडीलधाऱ्यांनी दम करावा, त्याला आमची ना नाही. पण ते रिक्षात बसून, दवाखान्याच्या वाटेवर करावं. दुआ आणि दवा यांत भांडण नाही. भांडण लावतो तो उशीर.

हे आपल्या घरापर्यंत कसं येतं?

महाराष्ट्रात मलेरियाचा सर्वाधिक त्रास गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आहे. पावसाळ्यात मुंबईसारख्या शहरातही रुग्ण वाढतात. आपल्याकडची परिस्थिती केनियासारखी नाही, सोयी अधिक आहेत. सरकारी आरोग्य केंद्रात मलेरियाची रक्ततपासणी आणि औषधं मोफत मिळतात. गावात आशाताईंकडे तपासणी किट असतं. तरी ताप आला की आपली पावलं आधी मेडिकलकडे किंवा पदवी नसलेल्या 'डॉक्टर'कडे वळतात, जो येईल त्याला एक सुई आणि सलाईन लावतो. कारणं तीच : जवळ, ओळखीचा, रांग नाही, उधारी चालते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. भारतात फॅल्सिपॅरमबरोबर व्हायवॅक्स हा दुसरा परजीवीही मोठ्या प्रमाणावर आढळतो. व्हायवॅक्सवर आजही क्लोरोक्विन चालतं, तीन दिवस. पण हा परजीवी यकृतात झोपून राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उठतो. त्याला मारायला प्रायमाक्विन नावाचं दुसरं औषध १४ दिवस घ्यावं लागतं. तिसऱ्या दिवशी ताप गेलेला असतो, मूल खेळायला लागलेलं असतं, मग अकरा दिवस गोळी कोण देणार? इथेच कोर्स तुटतो आणि दोन महिन्यांनी "पुन्हा मलेरिया झाला" म्हणून आपण डासांना दोष देतो. हे औषध तान्ह्या बाळांना आणि गरोदर बायकांना देत नाहीत आणि काही मुलांना रक्तातल्या एका जन्मजात दोषामुळे त्याचा त्रास होऊ शकतो. म्हणून ते डॉक्टर किंवा आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्यानेच घ्यायचं, शेजाऱ्याकडून मागून नाही. फॅल्सिपॅरम निघाला तर औषधं वेगळी असतात. कोणता मलेरिया आहे हे तपासणीशिवाय दुकानदाराला कळू शकत नाही, डॉक्टरलाही नाही.

आई-वडिलांनी काय करावं?

किलिफीच्या अनुभवातून आणि आपल्या आरोग्य केंद्रांत जे सांगितलं जातं त्यातून आम्ही काही गोष्टी इथे एकत्र मांडतो.

एक, थंडी वाजून ताप आला किंवा मलेरियाच्या भागात कुठलाही ताप आला, तर २४ तासांच्या आत रक्त तपासून घ्या. आशाताई किंवा आरोग्य केंद्र, जे जवळ असेल ते.

दोन, मेडिकलमधून आणलेली पॅरासिटामॉल ताप उतरवते, मलेरिया मारत नाही. ताप उतरला म्हणून तपासणी टाळू नका. मुलांना अ‍ॅस्पिरिन नको.

तीन, डोस वयावर आणि वजनावर ठरतो. मोठ्या भावाच्या उरलेल्या गोळीचे तुकडे करून धाकट्याला देऊ नका.

चार, कोर्स पूर्ण करा. गोळी दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती बहुधा बाहेर पडलेली असते, अशा वेळी डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारून पुन्हा द्या. घरात शाळकरी मूल असेल तर त्याला भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करायला सांगा. मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात, हा आमचा अनुभव आहे.

पाच, ही लक्षणं दिसली तर दुकान नाही, आशाताई नाही, थेट रुग्णालय : मूल दूध किंवा पाणी घेत नाही, प्रत्येक वेळी उलटी होते, झटके येतात, सुस्त पडतं किंवा उठवल्यावर उठत नाही, श्वास जोरात चालतो, अंग पांढरंफटक पडतं, लघवी गडद होते. रात्र असली तरी १०८ वर फोन करा.

सहा, पाणी साठू देऊ नका आणि मुलांना मच्छरदाणीत झोपवा.

शेवटी एक आनंदाची गोष्ट

किलिफीशी महाराष्ट्राचं आणखी एक नातं आहे आणि ते थेट पुण्याला जोडलेलं आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेली आर-२१ ही मलेरियाची लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट तयार करते. या लसीची मोठी चाचणी आफ्रिकेत ज्या ठिकाणी झाली, त्यांत किलिफीही होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियाचा धोका असलेल्या भागांतल्या मुलांसाठी तिची शिफारस केली. ज्या गावांत कधी शंभरातल्या चारच तापांना पुरेसं औषध मिळत होतं, त्या भागातल्या मुलांना आता पुण्यात बनलेली लस टोचली गेली, हे वाचून आम्हाला अभिमान वाटला.

पण लस आली म्हणून तपासणी आणि पूर्ण डोस यांची गरज संपत नाही. आपल्या वस्तीतल्या मेडिकलवाल्या भावाशीही एकदा बोलून पाहा. तो आपलाच माणूस आहे, रोज शंभर घरांतल्या तापाची खबर आधी त्याच्याकडे पोहोचते. मोहल्ल्याच्या बैठकीत, मदरशात किंवा शाळेच्या पालकसभेत आरोग्य कर्मचाऱ्यांना बोलावलं आणि त्यालाही पहिल्या रांगेत बसवलं, तर "आधी रक्त तपासून या, मग गोळी देतो" हे वाक्य त्याच्या तोंडून निघायला वेळ लागणार नाही. दुकानदार शिकू शकतो, हे किलिफीने दाखवून दिलं आहे.

आमच्यापुरतं सांगायचं तर यंदा पावसाळ्यात हजेरी घेताना आम्ही एक जादा प्रश्न विचारायचं ठरवलं आहे. "ताप उतरला का?" याच्या पुढे, "रक्त तपासलं का? आणि गोळ्या संपल्या का?"